एकच शब्द बोलणारी मैना

फार जुन्या काळी, रस्ते अजून बैलांच्या खुरांनीच आखले जायचे तेव्हा, डोंगरांच्या कुशीत एक राज्य होतं. तिथला सुतार प्रत्येक नव्या बैलगाडीबरोबर एक मैना द्यायचा. गाडीखाली टांगलेल्या वेताच्या पिंजऱ्यात ती बसायची. तिला एकच शब्द शिकवलेला असायचा: "बघ!"

ही मैना सुताराच्या अंगणातच, चाकांच्या आवाजात लहानाची मोठी झालेली असायची. धडधाकट गाडीचा आवाज तिला पाठ असायचा. तो जरा बदलला की ती ओरडायची, "बघ!" काय बघ, कुठे बघ, ते मात्र नाही. लोक कुरकुरले तर सुतार म्हणायचा, "बिचारीला आवाज कळतो, आजार नाही कळत. तो तुम्ही शोधायचा."

पण शोधणार कोण? 'बघ' हा शब्द मोठा लबाड. आई धाक घालताना तोच वापरते, नवरा फुशारकी मारताना तोच, आणि शेजारीण टोमणा मारतानाही तोच. त्यामुळे जो तो आपल्याला हवं ते ऐकायचा. कुणाला वाटायचं, गाडीला दृष्ट लागली. तो चाकांवरून मीठमोहऱ्या ओवाळून मोकळा व्हायचा. कुणाला वाटायचं, मैना आपल्या गाडीचं कौतुक करतेय. तो मिशीला पीळ द्यायचा.

त्या राज्यातल्या घाटमाथ्यावर एक तरुण सून राहायची. चार पोथ्या वाचलेली, नुकतीच आई झालेली. तिला 'बघ'मध्ये एकच अर्थ ऐकू यायचा: बघ, सगळं बिघडलं! बाळ झोपलं की श्वास चालू आहे ना म्हणून ती त्याच्या नाकाशी बोट धरायची. त्या बोटानं बाळ जागं व्हायचं, आणि मग ते का रडतंय याची काळजी सुरू. पोथ्या वाचल्याचा फायदा एवढाच झाला होता, की तिला आपल्या काळज्या शुद्ध भाषेत मांडता यायच्या.

तिची सासू अगदी उलट. पंचक्रोशीतली नावाजलेली सुईण. भीती नावाची बाई तिच्या दारावरून कधी गेलीच नव्हती.

एके दिवशी सकाळी घाटाखालच्या गावाहून निरोप आला. सासूची लेक अडली होती. पोटातलं बाळ पायाळू होतं, आणि तिथल्या सुइणीनं हात टेकले होते.

घरातला कर्ता मुलगा राजाच्या खाणीवर कामाला गेलेला. मग सुनेनंच बैल जुंपले. बाळाला पाठीशी बांधलं, कासरा हातात घेतला. सासू आपलं गाठोडं घेऊन मागे बसली.

"हाक जोरात," सासू म्हणाली. "आज तुझी ती नेहमीची थांबाथांबी नको."

गाडी घाटाच्या तोंडाशी आली आणि खालून मैना ओरडली, "बघ!"

सून मागे वळली. "आत्याबाई, मैना बोलतेय."

"बोलू दे. तिला दुसरं येतंय काय?"

"बघ! बघ!"

"आत्याबाई, थांबून बघू का?"

"मागल्या बाजाराला थांबलीस तेव्हा काय निघालं होतं?"

"चाकात अडकलेली काटकी," सून पुटपुटली.

"आणि त्याच्या आधी?"

"काहीच नाही."

"मग?" असं म्हणून सासू खाली वाकली आणि तिनं आपली घोंगडी पिंजऱ्यावर टाकली. अंधार झाला तशी मैना गप्प बसली. "झालं! हाक आता."

सुनेनं गाडी चार पावलं पुढे नेली. पण मैना गप्प झाल्यानं तिचं मन काही गप्प होईना. समोर घाटाची उतरण होती, एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी. खाली नणंद तळमळत होती. थांबावं तर उशीर होणार, न थांबावं तर कदाचित कुणीच पोचणार नाही. आपली ही नेहमीची भीती, की आज खरंच काही आहे? ते तिला कळेना. भित्र्या माणसाची हीच तर पंचाईत असते, त्याच्या भीतीवर त्याचा स्वतःचाच विश्वास उरत नाही.

तिनं कासरा खेचला. "आत्याबाई, रागवा हवं तर. मी बघितल्याशिवाय घाट उतरणार नाही."

"अगं, तिथं माझी लेक मरतेय!"

"म्हणूनच बघते."

सून खाली उतरली आणि गोंधळली. गाडीला चाकं, दांड्या, खिळी, दोऱ्या. बघायचं तरी कुठून? तेवढ्यात पाठीवरचं बाळ रडू लागलं. हात आपसूक मागे गेले. भूक? आत्ताच प्यायलं होतं. दुपटं? ओलं होतं. तिनं ते बदललं आणि बाळ शांत झालं.

आणि ती हसलीच. हेही पोर एकच शब्द बोलतं की! काय दुखतं, कुठे दुखतं, सांगतं थोडंच? तरी आपण रोज शोधतोच ना. आरडाओरडा करून नाही. एकेक गोष्ट हात लावून.

तिनं बाळाला झाडाच्या सावलीत निजवलं. आधी बैल पाहिले. जू नीट होतं. खुरं ठीक होती. दोऱ्या घट्ट होत्या. मग तिनं चाकाच्या मधल्या ठोकळ्याला, तुंब्याला, पालथा हात लावला, बाळाचं कपाळ पाहतात तसा. उजवा थंड होता. डाव्यावर हात चांगलाच पोळला.

"आत्याबाई, ताप आहे!"

"कुणाला? पोराला?"

"चाकाला."

सासू तणतणत उतरली, पण तुंब्याला हात लागताच तिचा चेहरा उतरला. चाकातलं वंगण पार आटलं होतं. चाक ज्यावर फिरतं तो आतला लाकडी आख करपल्याचा वास येत होता. उतरणीवर तो मोडला असता तर गाडी थेट दरीत गेली असती.

तेवढ्यात मागून एका बड्या वतनदाराची रंगीत गाडी आली. "काय हो सुईणबाई," तो हसत ओरडला, "चाकाचं बाळंतपण करताय का?"

"तुमची मैना कुठंय हो?" सुनेनं विचारलं.

"फार टिवटिव करायची. दिली सोडून रानात. तेव्हापासून आमच्या गाडीला काही म्हणजे काही होत नाही!" आणि गाडी धूळ उडवत घाट उतरली.

गाडीला टांगलेलं वंगणाचं नळकांडं उघडून पाहिलं, तर कोरडं ठक्क. सुनेनं सासूच्या गाठोड्याकडे पाहिलं. "तुमच्याकडे एरंडेल आहे ना?"

"ते माझ्या लेकीसाठी आहे!"

"अर्धं त्यांच्यासाठी ठेवू. अर्धं त्यांच्यापर्यंत पोचायला वापरू."

सासूनं गाठोडं सोडलं. आतली तेलाची बुधली काढून दिली.

बैल सोडले. दगडावर एक ओंडका टेकवून त्याचं टोक गाडीखाली सारलं. दुसऱ्या टोकावर सासू ठाण मांडून बसली, आणि गाडी अलगद उचलली गेली. "माझ्या जाडेपणाला नावं ठेवणारे आज कुठं गेले?" ती म्हणाली. सुनेनं खीळ काढली, चाक बाहेर ओढलं, आख पाण्यानं निववला. बाळाच्या दुपट्याची जाड चिंधी फाडली, एरंडेलात भिजवली, आखाला गुंडाळली. चाक पुन्हा चढलं, खीळ बसली. तिनं चाक हातानं फिरवलं. लोण्यातून रवी फिरावी तसं ते फिरलं.

तिनं बैल जुंपले, बाळाला उचलून पुन्हा पाठीशी बांधलं. मग सासूनं स्वतःच्या हातानं पिंजऱ्यावरची घोंगडी काढली.

अर्धा घाट उतरल्यावर वतनदाराची रंगीत गाडी दिसली. आख मोडून ती कड्याला टेकली होती. दोन्ही बैल सुखरूप बाजूला चरत होते, आणि वतनदार धूळ झटकत उभा होता. "सुईणबाई, जरा आम्हालाही..."

"बसा मागं," सासू म्हणाली. "पण तोंड मिटून. मला गाडीचा आवाज ऐकायचाय."

गाडी गावात शिरली तेव्हा लेकीच्या हातापायातलं त्राण संपत आलं होतं. सासूनं बाह्या सरसावल्या. उरलेल्या एरंडेलानं हात माखले. बाहेर सून बाळाला घेऊन येरझाऱ्या घालू लागली. ऊन भिंतीवरून अंगणात उतरलं, आणि आतून नुकत्याच जन्मलेल्या पोरीचा असा खणखणीत टाहो आला, की गोठ्यातल्या गाई उठून उभ्या राहिल्या. आई जगली, लेक जगली.

सासू बाहेर आली ती थेट सुनेकडे. भरल्या अंगणात, साऱ्या व्याह्यांसमोर तिनं सुनेच्या गालांवरून हात फिरवून बोटं कडाकडा मोडली. "आज दोन जीव मी सोडवले म्हणतील लोक," ती म्हणाली, "पण आधी गाडीतले तीन जीव हिनं वाचवले. ही माझी सून आहे, नीट ओळखून ठेवा!"

सुनेचा भित्रेपणा काही गेला नाही. पण त्या दिवसापासून घाटमाथ्यावरची प्रत्येक गाडी उतरणीआधी थांबू लागली, आणि तुंब्याला पालथा हात लावण्याची रीत त्या राज्यात कायमची पडली.

तात्पर्य: इशारा मिळाला की घाबरून बसू नये आणि त्याचं तोंडही बांधू नये, खाली उतरावं आणि हात लावून दुखणं शोधावं.