रुकय्याबीचा दगड

खारवेळच्या धक्क्यावर होडीची वाट बघत दोघी कोळणी बोलत होत्या, "रुकय्याबी त्या दगडावर जन्मात कधी बसली..." तेवढ्यात होडी लागली आणि पुढचं राहूनच गेलं. पाहुण्यांनो, तो दगड हाच, उंडीच्या झाडाखालचा. आमच्याकडे तंटा झाला की गाऱ्हाणं सांगणारा यावर बसतो आणि न्याय करणारा उभा राहतो. त्यामागची हकिकत अशी सांगतात.

पूर्वी यावर बसून खोत निवाडे करायचे. सिद्द्यांच्या वाडीतल्या रुकय्याच्या आईची गोड्या पाण्याची विहीर खोतांच्या भावकीने कुंपणात घेतली, म्हणून रुकय्या दाद मागायला आली.

"उभी राहा. तुझी बारी शेवटी," खोत म्हणाले.

काळी हबशीण, त्यात बाईमाणूस. बारी यायच्या आत दिवस मावळायचा. तरी दर बैठकीला ती यायची, उभी राहायची, आणि सुजल्या पायांनी लांबच्या विहिरीवरून हंडा भरून घरी जायची.

उभ्याउभ्या तिने गावाची सगळी भांडणं ऐकली म्हणे. तिच्याबरोबर ताटकळणारे हळूच विचारू लागले, "बायो, तूच सांग, कुणाचं खरं?" ती दोन्हीकडचं ऐकून सांगायची. ते पटायचं, माणसं तिथूनच परत फिरायची. होता होता खोतांपुढे कुणी उरेना. तिचे केस पिकले, तेव्हा गावाने न्यायाला तिलाच बोलावलं.

"बसा आता, न्यायाधीशीणबाई," खोतांनी टोमणा मारला.

"मला उभं राहायची सवय झालीय, खोत. जो दमून येईल त्याला बसू दे."

विहिरीचं कुणी काढलं की म्हणायची, "घरचा तंटा मी कसा तोडू?"

पुढे पाय अगदीच थकले, तेव्हा तिने न्यायाचं काम धर्मा नाखव्यावर सोपवलं. त्याच्यापुढे पहिलं गाऱ्हाणं तिचंच आलं. ती दगडावर बसली. धर्माने उभ्याने ऐकलं आणि विहीर तिला दिली. कुंपण निघालं. तिने पोहरा सोडला, घोटभर पाणी तोंडात घेतलं. इतक्या वर्षांत आत खाडी झिरपली होती.

"खारं झालं," एवढंच बोलून तिने हंडा उचलला आणि लांबच्या विहिरीची वाट धरली.

तेव्हा कोळणींचं म्हणणं अर्धंच खरं. न्याय करायला ती कधी बसली नाही, पण मागायला एकदा बसली. आजही इथे आलेल्याला आधी बसवतात. न्याय करणाऱ्याचेच पाय दुखतात, त्यामुळे निवाडा उद्यावर जात नाही.