दिशा विसरणारी सुई

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ज्या राज्यात ती घडली त्याचं नावही आता कुणाला आठवत नाही. त्यातली माणसं मात्र आजही ओळखीची वाटतील.

समुद्रकाठी कोळ्यांचं एक गाव होतं. एका वर्षी दाट धुक्यात गावच्या दोन होड्या वाट चुकल्या आणि खडकावर फुटल्या. रडून झाल्यावर गावाने ठरवलं, आता पुरे. दूर चीन देशातल्या एका नगरात दिशा दाखवणारी सुई मिळते. पाण्याच्या वाडग्यात ती तरंगते आणि धुक्यातही उत्तर दिशा सोडत नाही, असं गलबतांवरचे खलाशी सांगत. ती आणायची. घराघरातून वर्गणी निघाली. ज्यांची माणसं बुडाली होती, त्या बायकांनी कानातलं काढून दिलं.

प्रश्न उरला, आणायला जायचं कुणी?

गावात एक म्हातारा तांडेल होता. होड्या हाकण्यात त्याची हयात गेली होती. तो म्हणाला, "मी जातो. सुई पारखून घ्यावी लागते."

गाव हसलं. "तांडेलबाबा, तुम्हाला बाजारात मेथीची जुडी कमी भावात मागता येत नाही! तो सांगेल ते मोजून याल."

मग गावाने एका कोळणीला पाठवलं. तिला समुद्र कळत होता म्हणून नव्हे, सुई कळत होती म्हणूनही नव्हे. अख्ख्या किनाऱ्यावर तिच्यासारखी घासाघीस कुणाला जमत नव्हती, म्हणून! आणायची होती जीव राखणारी वस्तू, आणि गावाने निवडली जीभ.

तिचा धाकटा भाऊ सगळ्यात पुढची होडी हाकायचा. निघताना तो म्हणाला, "आक्का, सुई माझ्याच होडीवर राहणार आहे. नीट बघून घे गं."

"मला शिकवतोस? तुझे दात पडायचे होते तेव्हापासून बाजार करतेय मी!"

बाकीचं गाव काठावरून ओरडत होतं, "बाय, आमच्यासाठी पण काहीतरी आण! तिथली आठवण!"

त्या नगरात पोचल्यावर कोळणीचे डोळे दिपले. एक गल्ली रेशमाची, एक पंख्यांची, एक नुसत्या रंगीत छत्र्यांची. सगळं घ्यावंसं वाटत होतं, पण हातात होती ती सुईची वर्गणी. तिने मनाशी हिशेब मांडला. सुई निम्म्यात पाडायची, उरलेल्यात गाव खूश करायचं.

सुया करणारा कारागीर गल्लीच्या टोकाला बसला होता. त्याने वाडग्यातली सुई बोटाने गरगर फिरवली. सुई थरथरली आणि पुन्हा उत्तरेला येऊन थांबली. त्याने किंमत सांगितली. गलबतावरच्या दुभाष्याने ती कोळणीला सांगितली.

"एवढ्यात तर मी याला दुकानासकट उचलून नेईन, सांग त्याला!" कोळीण म्हणाली.

ती उठून गेली, परत आली, पुन्हा उठली. कारागीर हलला नाही. शेवटी कंटाळून त्याने एक टोपली पुढे सरकवली. तिच्यात हुबेहूब तशाच सुया होत्या.

"स्वस्तच हवी तर ही घ्या, बाई. पण नीट ऐका. ही कच्च्या लोखंडाची आहे. प्रवासी आठवण म्हणून नेतात, भिंतीवर लावतात. वर्ष उलटलं की ही दिशा विसरते. हिला समुद्रावर नेऊ नका."

कोळणीने सुई पाण्यात सोडून पाहिली. तीही उत्तरेलाच वळली. कोळीण मनात हसली. एकाच टोपलीतली मासळी 'ही ताजी, ती कालची' असं सांगून दोन भावांत विकण्यात तिचा जन्म गेला होता. हा कारागीर आपलीच युक्ती आपल्यावर करतोय, असं तिला वाटलं. दुकानदार खरंही बोलतो, हे तिच्या गावीच नव्हतं.

तिने टोपलीतली सुई घेतली. उरलेल्या वर्गणीत पंखे आले, छत्र्या आल्या, चिनी मातीचे पेले आले.

गलबत परतलं तेव्हा सारं गाव किनाऱ्यावर होतं. "कितीला पडली?" सगळ्यांनी विचारलं. 'कशी आहे?' हे एकानेही विचारलं नाही.

फक्त म्हातारा तांडेल म्हणाला, "देणारा काय म्हणाला?"

तिने हसत हसत सगळं सांगितलं. तांडेलाचा चेहरा उतरला. "भिंतीवर लाव म्हणाला ना? मग भिंतीवरच लाव."

तिने त्याच्यासमोर सुई पाण्यात सोडली. थोडी रेंगाळत का होईना, ती उत्तरेला आली. "बघा, चालते की!" लोक ओरडले. "आपल्याला पाठवलं नाही, म्हणून म्हाताऱ्याचा जळफळाट!"

कोळणीला क्षणभर कारागिराचं बोलणं आठवलं. पण भोवती नवे पंखे हलत होते, शाबासकी मिळत होती. तिने सुई उचलून भावाच्या हातात ठेवली.

पूर्वी धुकं दिसलं की होड्या काठावर राहत. आता गावाकडे सुई होती. पुढच्या वर्षी धुकं उतरलं, तेव्हा भावाने वाडगा पुढ्यात घेतला आणि बाकीच्या होड्या त्याच्यामागे निघाल्या. वाडग्यात सुई एकदा इकडे वळली, एकदा तिकडे, आणि वाटेल तिथे थांबली. तीच उत्तर दिशा समजून भावाने होडी हाकली. खडकावर फळ्या फुटल्याचा आवाज ऐकून मागच्या होड्या थांबल्या, म्हणून वाचल्या. भाऊ परत आला नाही.

गाव तिच्या दारात जमलं. "तूच बुडवलंस त्याला!"

"हो, मीच," ती म्हणाली. "तो कारागीर तोंडावर खरं बोलला, आणि मी त्याला माझ्यासारखाच समजले. पण किंमत ऐकून टाळ्या कुणी वाजवल्या? घरी जा. पंखे, छत्र्या, पेले, सगळं आणून इथे टाका, मग मला हव्या तेवढ्या शिव्या द्या."

गर्दी पांगली. पंखा घेऊन कुणीही परत आलं नाही.

कोळणीने अंगावरचं सगळं सोनं मोडलं आणि ते पैसे तांडेलाच्या हातात ठेवले. खरी सुई आणायला तो गलबतावर चढला. फुटक्या होडीच्या वाहून आलेल्या फळ्या अजून वाळूत पडल्या होत्या. त्यातल्याच एका फळीवर उभं राहून कुणीतरी ओरडलं, "तांडेलबाबा, सांगेल ती किंमत देऊ नका हं! जरा पाडून मागा!"

आणि लोकांनी माना डोलावल्या!

कोळणीने त्या माणसाचं मनगट धरलं आणि समुद्राकडे बोट केलं. "तो खडक दिसतो? माझा भाऊ तिथे गेला. तिथे जाऊन उभा राहा, आणि मग ओरड."

ज्या वस्तूवर दुसऱ्याचा जीव अवलंबून असतो ती स्वस्तात आणणारा आणि त्याची पाठ थोपटणारा, दोघांचा गुन्हा एकच.