सरकारांच्या रानगाडीची मिरवणूक

सोमवार होता. सगुणा मिस्त्री बंगल्याच्या जुन्या पागेतल्या आपल्या गॅरेजच्या दारात बसून एका स्कूटरचा प्लग घासत होती. तेवढ्यात बंगल्यावरचे कारभारी बातमी घेऊन आले: येत्या रविवारी सरकारांचे मेव्हणे रणधीरराव येणार, आणि येताना नवी रानगाडी आणणार.

सगुणाने प्लग खाली ठेवला. ही बातमी कुठे येऊन आदळणार, ते तिला कळलं.

रानगाडी म्हणजे चार जाड चाकांची, हँडल धरून चालवायची गाडी. कागदावर एटीव्ही. खडकवेळच्या भैरोजीराव सरकारांकडेही एक होती, जुनी. संस्थान आजोबांच्या काळात विलीन झालं होतं. हट्ट झाला नव्हता. गेल्या दसऱ्याला टेंबीच्या चढावर ती गाडी मेव्हण्यांच्या देखत बंद पडली आणि म्हशीला दोर बांधून खाली आणावी लागली. म्हैस मेव्हण्यांनी मुद्दाम निवडली, असं सरकारांचं अजून म्हणणं होतं.

दुपारी सरकार स्वतः पागेत आले. इंजिन नव्याने बांध म्हणाले, आणि त्यात दीडपट जोर भर. टेंबीच्या माथ्यापर्यंत एकदाही थांबता कामा नये.

सगुणाने मान डोलावली. सिलिंडरचं बोअर, म्हणजे आतलं भोक, वाढवून मोठा पिस्टन, हेडची साफसफाई, आणि तेल गार करायला पुढे एक छोटी जाळी. जोर वाढवला की उष्णता वाढते, ती बाहेर काढायची सोय आधी करावी, असं तिचे आबा, तातोबा मिस्त्री, सांगायचे. आबांना जाऊन वर्ष होत आलं होतं.

सगळं होईल, ती म्हणाली, फक्त नंतर वीस तास गाडी दमाने चालवावी लागेल. नवा पिस्टन आणि नवं बोअर एकमेकांना घासून बसतात, मगच टिकतात.

सरकार ताठ झाले. "दमाने? आमच्या घराण्यात कुणी लगाम खेचलेला नाही."

"नवा घोडा पहिल्याच दिवशी शर्यतीत सोडता का, सरकार?"

"घोड्याला अक्कल असते. यंत्राला कसली अक्कल?"

"म्हणून तर. घोडा फार तर अडतो. हे मोडतं."

कारभाऱ्यांना खोकला आला. सरकारांनी हुकूम सोडला. गाडी बुधवारी तयार हवी. तिच्यावर दुसरं कुणी बसायचं नाही. आणि आपल्याला 'हळू चालवा' असं एकदाही म्हणायचं नाही. रविवारी चढाला बंद पडली, तर सोमवारी पागा रिकामी. तिथे त्यांना पाहुण्यांसाठी खोल्या काढायच्याच होत्या.

त्या पागेत आबांनी एकतीस वर्षं काम केलं होतं. सगुणाने पाना उचलला.

बुधवारी इंजिन बांधून झालं. त्याच सकाळी तिने दुधाच्या टेम्पोवाल्याबरोबर चार गावांना निरोप धाडला होता: सरकार नव्या जोराच्या गाडीवरून गावं बघायला निघालेत, शिवेवर घ्यायला या. मग बंगल्यावर जाऊन सांगितलं की गावं सरकारांची वाट बघताहेत. सरकारांनी ताबडतोब फेटा मागवला.

आता त्या मुलखाची रीत अशी, की पाहुण्याला आपल्या शिवेपर्यंत वाजतगाजत पोचवायचं आणि पुढच्या गावाने तिथूनच उचलायचं. त्यामुळे सरकारांपुढे मोकळा रस्ता म्हणून आलाच नाही. पुढे लेझीम, मागे पोरंटोरं, मधे सरकार.

या गाडीचा वेग उजव्या अंगठ्याखालच्या खटक्यावर असतो. सगुणाने गणू हलगीवाल्याला एवढंच सांगून ठेवलं होतं, की चढ आला की ठेका वाढव, सपाटीला उतरव. हलगी कडाडली की सरकारांचा अंगठा दाबला जायचा, मंदावली की सुटायचा. कमी, जास्त, पुन्हा कमी. नव्या इंजिनाला हवं होतं ते अगदी हेच. प्रत्येक शिवेवर औक्षणासाठी गाडी बंद, की इंजिन गार. बायका चाकांवर पाणी घालायच्या. इंजिनावर थेंबही नको, अशी ताकीद होती. गुलाल आत जाऊ नये म्हणून इंजिनाच्या हवा घेणाऱ्या तोंडावर आबांच्या सदऱ्याची बाही ताणून बांधली होती.

गुरुवारी दोन गावं झाली, शुक्रवारी दोन. मग उरलेली तीन गावं रुसली, आणि शनिवारी त्यांनी सरकारांना जवळजवळ पळवूनच नेलं. संध्याकाळी सरकार परतले ते डोक्यावर सात फेटे, एकावर एक.

सगुणाने इंजिनातलं तेल बाटलीत काढलं आणि नवं भरलं.

रविवारी रणधीरराव आले. टेंबीच्या पायथ्याशी त्यांनी एक म्हैस हार घालून उभी केली होती. दोन्ही गाड्या सुटल्या. मेव्हण्यांची गाडी आदल्याच दिवशी खोक्यातून निघालेली. पूर्ण जोरात तिसऱ्या वळणापर्यंत गेली, घरघरली आणि जाम झाली. सरकार त्यांच्या शेजारून वर गेले, माथ्यावर दोन फेऱ्या मारल्या आणि म्हैस कुणाला लागणार आहे का, म्हणून वरूनच विचारलं.

खाली आल्यावर त्यांनी सगुणाला बोलावलं. "खोटारडी आहेस. वीस तास दमाने चालवल्याशिवाय टिकणार नाही म्हणालीस. मी एक तासही दमाने चालवली नाही."

सगुणाने बाटली उन्हात धरली. तेलात घासून निघालेल्या धातूचा बारीक चुरा चमचमत होता. "बावीस तास चालवलीत, सरकार. हा त्याचा चुरा."

"कधी?"

"मिरवणुकीत गाडी कोण पळवतं?"

सरकार बाटलीकडे बघत राहिले. मग हसू आलं, मग ते आवरेना, शेवटी त्यांना म्हशीला धरून उभं राहावं लागलं. मेव्हणे दोर बांधत होते, तेही हसले.

दुसऱ्या दिवशी पागा सगुणाच्या नावाने कायमची लिहून मिळाली. वर सरकारांनी रंगाचा डबा पाठवला, दारावर स्वतःच्या नावाची पाटी लाव म्हणून.

डबा फळीवर आहे. पाटीवर अजून 'तातोबा मिस्त्री' असंच आहे. ती रंगवायची राहिली आहे.