चांदरीच्या पाठीवरची जागा

म्हशीचं दुखणंखुपणं बगळ्याला विचारत, त्या जमान्यातली ही गोष्ट. चांदरी म्हशीच्या पाठीवर बसून एक म्हातारा बगळा रोज गोचीड वेचायचा, गावभरच्या चहाड्या सांगायचा. एके दिवशी मालकाने तिच्या कातडीवर ताप-नाडी मोजणारी, पापडाहून पातळ, छापील पट्टी चिकटवली. स्वस्तातली, पण तोरा केवढा!

"ऊठ की म्हाताऱ्या! हिचा ताप, नाडी, खाज, सगळं मला कळतं," पट्टी म्हणाली.

बगळा रुसून उडाला.

दुसऱ्या दिवशी पट्टी ओरडली, "चांदरे, डाव्या कुशीला खाज सुटलीय!"

"ते मलाही कळतंय गं बाई. खाजवणार कोण?"

चांदरी डोहात शिरली, पण बगळ्यापुरती पाठ कोरडी ठेवूनच बसली.