मेलेली पावडर

तालुक्याच्या एका गावी, पंचायत समितीच्या फाटकासमोर, रंगनाथ मिटकरी नावाच्या माणसाचं छपाईचं दुकान होतं. एक टेबल, एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर. कचेरीत जाणारा कागद आधी त्या प्रिंटरच्या पोटातून यायचा. त्यामुळे मिटकरीला वाटायचं, अर्धी कचेरी आपणच चालवतो.

खरं तर त्याचं दुकान चालत होतं सुभान शिकलगारच्या हातावर. सुभान प्रिंटरची कार्ट्रिज भरून द्यायचा. कार्ट्रिज संपलं की दरवेळी नवं आणणं लहान दुकानाला झेपत नाही, म्हणून त्यात काळी पावडर पुन्हा भरतात. सुभानचं काम सावकाशीचं. जमिनीवर वर्तमानपत्र पसरायचा. कार्ट्रिज खोलायचा. आतल्या ड्रमला उन्हाची तिरीपही लागू नये म्हणून तो काळ्या फडक्यात गुंडाळायचा. दुसऱ्या कप्प्यात साठलेली, वापरून उरलेली पावडर पिशवीत झटकून पिशवीला गाठ मारायचा. मगच नवी पावडर भरायचा. प्रिंटरचं पोटही मऊ फडक्यानं पुसायचा. शेवटी एक पान छापायचा आणि त्या पानावर बोट घासायचा. बोट कोरं राहिलं तर उठायचा. काळं झालं तर पुन्हा पहिल्यापासून.

मिटकरीला हे बघवायचं नाही.

"चाचा, गिऱ्हाईक दारात उभं आहे आणि तुम्ही इथं बाळंतपण करत बसलाय होय?"

"बाळंतपणच समजा, शेठ. घाई केली की दोघंही जातात."

एकदा मिटकरीनं ती गाठ मारलेली पिशवी उचलून पाहिली. "एवढी पावडर फेकता? काळी ती काळीच की!"

"ही मेलेली पावडर आहे," सुभान म्हणाला. "कागदाचा भुगा खाल्लाय तिनं. छापताना काळी दिसेल, पण कागदाला धरणार नाही."

मिटकरीला वाटलं, हा आपली नवी पावडर खपवायला बोलतोय. जो स्वतः लबाड असतो त्याला दुसऱ्याचं खरंही लबाडीचंच वाटतं. पुढच्या वेळी त्यानं सुभानला बोलावलंच नाही. स्वतः कार्ट्रिज खोललं, फेकायची पावडर चांगल्या कप्प्यात ओतली, झाकण लावलं. पुसलं काही नाही. पान काळं निघालं.

"दहा मिनिटांत!" त्यानं टेबलावर हात आपटला. "आणि तो बाबा तास घालवायचा."

त्यानंतर सुभानची दुकानातली खेप बंद झाली. त्याचं मऊ फडकं खिळ्याला तसंच लटकत राहिलं.

थोड्याच दिवसांनी, एका शनिवारी दुपारी, तान्हूबाई दुकानात आली. गावातल्या शाळेत ती पोरांची खिचडी शिजवायची. अकरा वर्षं. आता कचेरीनं फर्मान काढलं होतं की स्वयंपाकिणी नव्यानं नेमायच्या, आणि जिच्याकडं आधीच्या कामाचा छापील, सही-शिक्क्याचा दाखला असेल तिला आधी घ्यायचं. दाखला सोमवारी पाचच्या आत द्यायचा. तान्हूबाईला लिहिता-वाचता येत नव्हतं. हेडमास्तर देवळे गुरुजींनी तिला मजकूर लिहून दिला होता. गुरुजी त्याच दिवशी निवृत्त होत होते. दुसऱ्या दिवशी ते लेकाकडं, दोन दिवसांच्या प्रवासाला निघणार होते.

"भाऊ, नीट छाप. अकरा वर्षं आहेत त्यात."

"मग काय सोन्याचं पाणी देऊ का अकरा वर्षांना?"

पान निघालं. सुभानचं बघून बघून मिटकरीलाही सवय लागली होती. त्यानं कडेच्या अक्षरावर बोट घासलं. बोट नखापर्यंत काळं झालं.

त्याला कळलं. सुभानचं घर मशिदीच्या मागं, पाच मिनिटांवर होतं. पण सुभानला बोलवायचं म्हणजे तो खरा होता असं कबूल करायचं, तेही रांगेतल्या चार माणसांदेखत. मिटकरीनं बोट खुर्चीच्या गादीखाली पुसलं.

"ताजं आहे. कडेला धर. वाळलं की बसेल."

वाळायला ती काय कुरडई होती? त्या मशीनमधून कागद गरम निघतो आणि कोरडा निघतो. तिथं वाळायचं काही नसतंच. हे मिटकरीला ठाऊक होतं, तान्हूबाईला नव्हतं. खोटं बोलणारा असाच माणूस बघून बोलतो.

तान्हूबाईनं कागद पूजेचं ताट धरावं तसा दोन्ही हातांनी शाळेत नेला. गुरुजींनी पेनानं सही केली, शिक्का मारला. म्हणाले, "तान्हूबाई, तुझ्या हातची खिचडी आठवेल." तिनं घरी येऊन कागदाची चौघडी केली आणि ट्रंकेत, ठेवणीतल्या पांढऱ्या लुगड्याच्या घडीत ठेवला. तिच्या घरात त्याहून सांभाळायची जागा नव्हती.

सोमवारी दुपारी तिनं तो तसाच कमरेच्या पिशवीत घातला आणि कचेरी गाठली. कारकुनानं कागद उलगडला, उलटा केला, सुलटा केला.

"बाई, थट्टा करता का? सही आहे, शिक्का आहे. कशावर केलीय ते कुठंय?"

तान्हूबाईनं वाकून पाहिलं. मध्ये नुसते करडे फराटे होते. घडीवर तर कागद पांढराफटक.

"होतं, साहेब. सगळं भरलेलं होतं. मी बघितलंय."

"तुम्ही बघितलं असेल. मला दिसत नाही."

ती धावत रस्त्यापलीकडं गेली. मिटकरी चहा पीत होता.

"भाऊ, अक्षरं गळाली रे! तू चल माझ्यासंगं. तुझ्या मशीनमध्ये लिहिलेलं आहे ना सगळं? साहेबाला एवढंच सांग की छपाई कच्ची निघाली."

एक रस्ता ओलांडायचा होता. दुसरं काही नाही.

"मी कशाला सांगू?" मिटकरी म्हणाला. "उद्या माझ्याकडं कोण छापेल? रिफिलचा माल असाच असतो. त्या सुभानला जाऊन विचार."

"तुझी दोन्ही पोरं माझ्या हातचं खाऊन मोठी झाली, भाऊ."

"मीठ कमीच असायचं त्यात." तो हसला. रांगेतलेही हसले. मग त्यानं तोच दाखला पुन्हा छापला आणि तिच्या हातात कोंबला. "घे. याचे पैसे नको."

कारकुनानं तो पाहिला. "आता अक्षरं आहेत. सही नाही."

कारकुनानं गुरुजींना फोन लावून पाहिला. गुरुजी गाडीत होते, लागला नाही. पाच वाजले. यादी बंद झाली. काम गेलं सरपंचाच्या भावजयीकडं, जिनं आयुष्यात वीस माणसांचा भातही रांधला नव्हता. पण तिचा दाखला कुठल्या तरी दूरच्या दुकानात छापलेला, पक्का होता.

घरी येऊन तान्हूबाईनं ट्रंक उघडली. पांढऱ्या लुगड्याला काळे डाग पडले होते. तिची अकरा वर्षं लुगड्याला लागली होती. तिनं दोनदा धुतलं. गेली नाहीत. कागदाला धरलं नाही ते कापडाला मात्र धरून बसलं.

गावात कुजबूज सुरू झाली तशी मिटकरीनं दुकानाच्या दारावर एक पान डकवलं: 'आमच्याकडे रिफिल वापरले जात नाही.' ते कानावर जाऊन लांबच्या दोन-तीन छपाईवाल्यांनीही सुभानला नको म्हटलं. ज्या माणसानं एकही पान कच्चं सोडलं नव्हतं, त्याचा धंदा असा बसला.

सुभान आपलं मऊ फडकं न्यायला आला. दाराशी थांबला. ते पान त्यानं वाचलं आणि त्यावरून बोट फिरवलं. 'रिफिल' पुसलं गेलं. काळं बोट त्यानं सगळ्यांपुढं धरलं.

"शेठ, एवढं तरी दुसरीकडं छापायचं होतं."

लोक हसले. हसले आणि आत जाऊन आपले कागद छापून घेतले. दुसरं दुकान लांब होतं.

महिन्याभरात सांडलेली पावडर प्रिंटरच्या चाकाचाकात जाऊन बसली आणि प्रिंटर कायमचा बंद पडला. मिटकरीनं नवा आणला. प्रिंटर नवा मिळतो. अकरा वर्षं नवी मिळत नाहीत.

आता तान्हूबाई कचेरीच्या फाटकाशी उकडलेल्या शेंगा विकते. मिटकरीच्या दुकानाकडं जाणाऱ्या प्रत्येकाला ती एकच गोष्ट सांगते, "कागद घेतला की आधी बोट घास. त्याच्यादेखत घास." लोक घासतात. आपलं बोट बघतात, मग मिटकरीकडं बघतात. दिवसातून पन्नास वेळा. मिटकरी मान खाली घालून पुढचं पान काढतो.

तात्पर्य: जुनी वस्तू पुन्हा भरून वापरण्यात काही वाईट नाही. आपलं काम कच्चं आहे हे कळूनही ते गरिबाच्या हातात देणं वाईट. चूक तिथल्या तिथं कबूल केली तर एक कागद वाया जातो. लपवली तर माणसाचा जन्म वाया जातो, आणि तो बहुतेक वेळा चूक करणाऱ्याचा नसतो.