वेशीतला पहारा

एकदा एक शिपाई पुष्कळ वर्षांच्या लढाईनंतर गावी परतला. गावाने त्याला ओवाळले, हार घातले. कापडाच्या व्यापाऱ्याने दुकानात कामही दिले. सगळे कसे यथासांग झाले.

पण शिपाई घरात झोपेना. दिवस मावळला की भाला घेऊन तो वेशीत उभा राही आणि दिवसा कापड फाडता फाडता पेंगे. एका नवरदेवाच्या अंगरख्याचे कापड हातभर आखूड निघाले, तसा व्यापारी तडक वृद्ध गुरूंच्या मठीत आला. "गुरुजी, माणूस सोन्यासारखा आहे. पण उद्यापासून नको. माझं गिऱ्हाईक तुटतंय."

गुरूंचा शिष्य उपदेशाला सदैव तयार. तो वेशीत धावला. "दादा, युद्ध संपलं. घरी जा, झोपा." शिपाई नम्रपणे "होय" म्हणाला आणि तिथेच उभा राहिला. शिष्याला फार वाईट वाटले.

पहाटे धुके इतके दाटले की वेस तरंगत असल्यासारखी दिसे. गुरूंनी मुंडासे बांधले, शिष्याला आणि व्यापाऱ्याला सोबत घेतले, आणि शिपायासमोर ताठ उभे राहून विचारले, "काय खबर?"

"ओढ्यापर्यंत शांत. गाव झोपलंय."

"पहारा मी घेतला."

शिपायाने त्यांच्याकडे निरखून पाहिले. मग भाला त्यांच्या हाती दिला, ओट्यावर आडवा झाला आणि बघता बघता घोरू लागला.

व्यापारी कुजबुजला, "गुरुजी, हे काय आरंभलंत? शत्रू तर कुठेच नाही!"

गुरू म्हणाले, "सैन्याची रीत आहे, बदली आल्याशिवाय जागा सोडायची नाही. घरी जा म्हणणारे याला पुष्कळ भेटले. आरती झाली, काम मिळालं. पण तुझ्या जागी मी उभा राहतो, असं आपल्यापैकी कोण म्हणालं? ओझं त्याच्याच खांद्यावर ठेवून आपण त्याला विसावा घ्यायला सांगत होतो."

शिष्याची मान खाली गेली.

त्या संध्याकाळी शिपाई वेशीत आला, तो व्यापारी आधीच भाला उलटा धरून उभा. धोतर सुटत होते, दात वाजत होते. "पहारा... मी घेतला," तो कसाबसा म्हणाला.

शिपायाने भाला सुलटा करून त्याच्या हाती दिला. "पाठ भिंतीला टेकवू नका, शेठ, झोप लागते. सकाळी दुकान मी उघडतो."

आणि तो घरी गेला.