अस्वलाच्या कारखान्यातली घंटा

एका जंगलात एक अस्वल राहत असे, आणि ते गाडे बनवत असे. हसू नका मुलांनो, खरंच बनवत असे! उन्हाळ्यात त्या जंगलातले पाणवठे आटले, की सगळे प्राणी घाट ओलांडून पलीकडच्या तळ्यावर मुक्कामाला जात. म्हातारे, आजारी आणि नुकती जन्मलेली पिल्लं एवढा घाट कशी चालणार? त्यांच्यासाठी गाडे लागत. जंगलातला पहिला गाडा या अस्वलाच्या आजोबांनी बनवला होता, आणि ही गोष्ट अस्वल भेटेल त्याला ऐकवी. कुणी विचारलं नाही तरी ऐकवी.

अस्वलाचा कारखाना होताही दांडगा. गाडा एका टोकाला सुरू होई आणि एकाकडून दुसऱ्याकडे सरकत सरकत दुसऱ्या टोकाला बाहेर पडे. सुतारपक्षी चाकाला मधोमध भोक पाडी, रानडुक्कर ते चाक आसावर चढवी, आणि चाक निसटू नये म्हणून खार बाहेरून लाकडी खीळ ठोकी. या सगळ्यांवर कोल्हा मुकादम होता. कारखान्याचा नियम एकच : काही झालं तरी काम थांबता कामा नये. फळी वाकडी आली? ढकला पुढे. भोक मोठं पडलं? ढकला पुढे. बिघडलेले गाडे शेवटी मागच्या अंगणात जात आणि तिथे त्यांची डागडुजी होई. ते अंगण वाढत वाढत पार ओढ्यापर्यंत पोचलं होतं. अस्वल पाहुण्यांना तेसुद्धा कौतुकानं दाखवी. "एवढं मोठं डागडुजीचं अंगण दुसऱ्या कुणाकडे आहे का, सांगा बघू!" नव्हतं बुवा, खरंच कुणाकडे नव्हतं.

मग काय झालं, नदीतल्या बेटावर राहणारी पाणमांजरंही गाडे बनवू लागली. छोटे छोटे, साधे गाडे. अस्वलानं ते पहिल्यांदा पाहिले तेव्हा ते पोट धरून हसलं. "हे गाडे आहेत की खेळणी?" पण पुढच्या उन्हाळ्यात सशांनी गाडे घेतले ते बेटावरून. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात माकडं गेली, भेकरं गेली. अस्वलाचं हसू मावळलं. त्याला बसवेना, उठवेना. मधाचं पोळं समोर आणून ठेवलं तरी ते नुसतं हुंगून दूर सारी आणि कारखान्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घाली. "त्यांचं लाकूडच हलकं असणार," ते म्हणे. थोड्या वेळानं म्हणे, "नाहीतर या प्राण्यांनाच पारख राहिलेली नाही." कोल्हा मान डोलावून म्हणे, "अगदी बरोबर बोललात, मालक." आणि अस्वल पुन्हा येरझाऱ्या घाली.

त्यानं गाड्यांना पळसाच्या फुलांचा रंग दिला. बसायला मऊ गवताच्या गाद्या घातल्या. गिऱ्हाईक काही परत येईना. शेवटी एकटा सांबरांचा कळप तेवढा उरला. तो जंगलातला सगळ्यात मोठा कळप, आजोबांच्या वेळेपासूनचा. त्या कळपाचा म्होरक्या, एक उंच शिंगांचं सांबर, एका सकाळी कारखान्याच्या दारात येऊन उभं राहिलं.

"अस्वलराव, गेल्या उन्हाळ्यात तुमच्या गाड्याचं चाक घाटात मोडलं," ते म्हणालं. "माझी म्हातारी आई उरलेली वाट रखडत रखडत चालली. पलीकडच्या तळ्यावर पोचली ती आजारीच."

"पण गाद्या कशा होत्या?" अस्वलानं विचारलं.

बघा म्हणजे! विचारायचं काय, आणि ते विचारतंय काय!

सांबरानं एक सुस्कारा सोडला. "गाद्या छान होत्या हो. पण आम्हाला पोचायचं असतं. जुने संबंध आहेत म्हणून तुम्हाला एक संधी देतो. पळस फुलून गळला की मी परत येईन. तुमचा एक गाडा माझ्यासमोर घाट उतरवून दाखवा. तो नीट उतरला तर आमचे सगळे गाडे तुमचे. नाही उतरला, तर मीही बेटावर जाईन."

सांबर गेलं आणि अस्वलाच्या येरझाऱ्या पुन्हा सुरू झाल्या. हा कळप गेला म्हणजे कारखानाच गेला. आजोबांचा कारखाना! त्या दिवशी पहिल्यांदा त्याला वाटलं, ही पाणमांजरं करतात तरी काय, ते जाऊन पाहावं. उथळ पाण्यातून वाट काढत ते बेटावर गेलं.

त्याला वाटलं होतं, आपल्याला हाकलून देतील. पण एक म्हातारं पाणमांजर हसत सामोरं आलं. "या, या अस्वलराव. मासे चालतात ना? आधी खाऊन घ्या, मग काय पाहायचं ते पाहा." त्यांनी सगळं उघड दाखवलं. लपवण्यासारखं काही नव्हतंच. तसंच लाकूड, तशीच चाकं, तशाच खिळी. वेगळं एवढंच, की डोक्यावर वेताची एक लांब दोरी बांधलेली होती आणि तिला लाकडी घंटा लटकत होती.

अस्वल पाहत असतानाच घंटा वाजली. टोक टोक टोक! सगळ्यांनी हातातलं काम ठेवलं. अस्वल दचकलं. "आग लागली काय?"

"छे हो. कुणाला तरी काहीतरी खटकलंय," म्हातारं पाणमांजर म्हणालं.

घंटा वाजवणारं पाणमांजर म्हणालं, "माझ्याकडे आलेली फळी एका बाजूनं जाड आहे." सगळे गोळा झाले. फळी कुणी तासली ते पाहिलं, तासणाऱ्याचा दगड बोथट झाला होता, तो बदलला. म्हातारं पाणमांजर घंटा वाजवणाऱ्याला म्हणालं, "बरं झालं बोललास." आणि काम पुन्हा सुरू झालं.

"एका फळीसाठी सगळे थांबले?" अस्वलाला राहवेना. "आणि तुमचं डागडुजीचं अंगण कुठे आहे?"

"कसलं अंगण?" म्हाताऱ्याला कळेचना. समजावून सांगितल्यावर ते म्हणालं, "तसं काही नाही आमच्याकडे. बेटावर झाडं मोजकी, त्यातली अर्धी एका पुरात वाहून गेली. वाया घालवायला लाकूडच उरलं नव्हतं. मग चूक जिथल्या तिथे धरायची सवय लागली. ज्याला दिसली त्यानं घंटा वाजवायची, बाकीच्यांनी थांबायचं."

अस्वल परतलं ते उड्या मारतच. सापडलं गुपित! घंटा! कुठल्याशा गाईच्या गळ्यातून पडलेली पितळी घंटा त्यानं शोधून आणली, बेटावरच्या घंटेपेक्षा चांगली तिप्पट मोठी, आणि कारखान्याच्या मधोमध टांगली. "ऐका रे सगळे!" ते गरजलं. "कुणालाही चूक दिसली, की खुशाल घंटा वाजवा!"

दुसऱ्याच दिवशी खारीनं ती वाजवली.

सगळं काम थांबलं. असं थांबलेलं काम त्या कारखान्यात कुणी कधी पाहिलंच नव्हतं. पळस गळत आला होता, सांबर आज येईल की उद्या, या काळजीनं ते आधीच अर्धमेलं झालं होतं. ते धावत आलं. "कोणी वाजवली? काम का थांबलं?"

"खारीनं वाजवली, मालक," कोल्हा लगबगीनं म्हणाला.

"चाकाचं भोक मोठं पडलंय," खार म्हणाली. "चाक आसावर डगमगतंय. अशानं खीळ टिकणार नाही."

आता अस्वलानं काय म्हणायला हवं होतं? "बरं झालं बोललीस." एवढंच. बेटावर ते स्वतःच्या कानांनी ऐकून आलं होतं. पण तोंडातून निघालं ते जुनंच. "एवढ्याशा खिळीपायी सगळा कारखाना बंद पाडलास? इथे माझा जीव टांगणीला लागलाय! काही असेल ते मागच्या अंगणात बघून घेतील!" आणि मालक चिडले म्हणताच कोल्ह्यानं खारीला कारखान्याबाहेर काढून रानात डिंक गोळा करायला धाडलं. तिच्या जागी खिळी ठोकायला सुतारपक्ष्यालाच उभं केलं. दोन्ही कामं एकट्याच्या गळ्यात!

त्यानंतर घंटा वाजली नाही. मुळीच नाही. कोल्हा रोज सकाळी ती राखेनं घासून लख्ख करी आणि रोज संध्याकाळी अस्वलाला सांगे, "मालक, आजही घंटा वाजली नाही. कुठे चूकच नाही!"

अस्वल खूश होई. "त्या पाणमांजरांची घंटा तर दिवसभर वाजत असते. म्हणजे आपण त्यांच्याही पुढे गेलो की!" पण थोड्याच वेळात पुन्हा त्याचे पाय येरझाऱ्या घालू लागत. कशानं, ते त्याचं त्यालाच कळेना. भरल्या कारखान्यात सगळे एवढे गप्प का, हे काही त्याच्या ध्यानात येईना.

पळस गळला. सांबर आलं. कारखान्यातला सगळ्यात देखणा गाडा घाटाच्या माथ्यावर नेला. सगळे कामकरी मागोमाग गेले. गाडा नेतानाच एक चाक जरा डुगडुगत होतं. सुतारपक्ष्यानं ते पाहिलं. रानडुकरानं पाहिलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि खाली पाहिलं. अस्वल मात्र सांबराशी आजोबांच्या गोष्टी बोलण्यात दंग होतं.

"गाड्यात कोण बसणार?" सांबरानं विचारलं.

"मी स्वतः बसतो!" अस्वल छाती फुगवून म्हणालं, आणि गादीवर ऐसपैस बसलं.

गाडा निघाला. पहिला उतार झकास गेला. दुसऱ्या वळणावर चाक खाडखाड आपटू लागलं. तिसऱ्या वळणावर खीळ मोडली, चाक निसटलं आणि एकटंच दरीत गेलं. गाडा कलंडला. अस्वल गादीसकट उडालं आणि करवंदीच्या जाळीत जाऊन आपटलं. पाय असा मुरगळला, की त्याच्या ओरडण्यानं घाटातली पाखरं उडाली.

सांबर धावत खाली आलं. त्यानंच अस्वलाला शिंगांचा आधार देऊन उठवलं. ते रागावलं नाही, ओरडलंही नाही. "अस्वलराव, या गाड्यात माझी आई बसली असती," एवढंच म्हणालं आणि नदीच्या वाटेला लागलं.

लंगडत लंगडत अस्वल कारखान्यात आलं. खारही डिंकाची टोपली घेऊन आली होती. "त्या चाकाचं भोक कोणी पाडलं?" अस्वलानं विचारलं.

"मी, मालक," सुतारपक्षी म्हणाला. "मोठं पडलं, ते मला तेव्हाच कळलं होतं."

"मलाही," रानडुक्कर पुटपुटलं. "चढवतानाच चाक सैल लागत होतं."

"मला तर कधीचंच माहीत होतं," कोल्हाही हळूच म्हणाला.

"सगळ्यांना माहीत होतं?" अस्वल एकेकाकडे पाहू लागलं. "मग वर एवढी मोठी घंटा टांगलीय, ती कुणी वाजवली का नाही?"

खारीनं टोपली खाली ठेवली. "वाजवली की डिंक गोळा करावा लागतो, मालक," ती म्हणाली.

अस्वलानं पंजा उगारला. सगळे मागे सरले. तो उगारलेला पंजा आणि ते मागे सरलेले सगळे, दोन्ही अस्वलाला एकदमच दिसलं. त्याला इतकी लाज वाटली, की पायाचं दुखणंही ते विसरलं. पंजा खाली आला.

पुढे सांबरांचा कळप याच कारखान्यावरून घाटाकडे गेला. पाणमांजरांचे गाडे एकामागून एक जात होते, एकही चाक कुरकुरत नव्हतं. एका गाड्यात म्हातारी सांबरीण डोळे मिटून निवांत बसली होती. अस्वल दारात उभं राहून शेवटचा गाडा दिसेनासा होईपर्यंत पाहत राहिलं. बाकीचे कामकरी तोवर बेटावर कामाला निघून गेले होते. खार, सुतारपक्षी, रानडुक्कर आणि कोल्हा तेवढे उरले.

दुसऱ्या दिवशी अस्वल स्वतः खीळ ठोकायला बसलं. एवढ्या मोठ्या पंजात एवढीशी खीळ! ती वाकडी बसली. त्यानं ती निरखली, इकडेतिकडे पाहिलं, मग उठलं आणि घंटेची दोरी ओढली.

"माझी खीळ वाकडी बसलीय," ते म्हणालं. "कुणी दाखवेल का मला?"

सगळे पाहतच राहिले. मग खार आली आणि तिनं खीळ कशी धरायची ते दाखवलं. "बरं झालं दाखवलंस," अस्वल म्हणालं. म्हणताना जीभ अडखळली, पण म्हणालं. जरा वेळानं सुतारपक्ष्यानं घाबरत घाबरत घंटा वाजवली. अस्वलाच्या घशात गुरगुर आली. त्यानं ती गिळली आणि लंगडत त्याच्याकडे गेलं. मग रानडुकरानं वाजवली. मग पुन्हा खारीनं.

संध्याकाळी कोल्हा मान खाली घालून आला. "मालक, आज घंटा दिवसभर वाजत होती."

"आणि गाडे किती झाले?"

"एकही नाही."

अस्वलानं दारापर्यंत एक येरझार घातली. बाहेर घाटाची वाट रिकामी पडली होती. सांबर पुन्हा कधी येईल की नाही, कुणास ठाऊक. ते माघारी वळलं आणि म्हणालं, "उद्याही वाजू दे."

तात्पर्य : दुसऱ्याची घंटा पाहून आपल्याकडे घंटा कुणालाही टांगता येते. पण ती वाजवणाऱ्यावर जो डाफरतो, त्याला स्वतःच्या चुका घाटात गेल्यावरच कळतात.